धानाच्या बांधीतली निळी ज्योत

फेब्रुवारी सरत आला होता. एकोडीच्या तलावाखालची उन्हाळी धानाची रोवणी आटोपून थोडेच दिवस झाले होते. दीपमाला रामटेके रोजच्यासारखी सकाळीच आपल्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर पोचली, पाणी आलं का ते बघायला.

पाणी आलं नव्हतं. माणूस आला होता!

आटलेल्या बांधीच्या ऐन मधोमध, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतून एक तरुण उभा होता. छातीशी कमरेएवढी उंच, काचेसारखी आरपार दिसणारी पेटी कवटाळलेली आणि दातांत इंजेक्शनची सिरिंज धरलेली.

"कोण आहा जी तुमी? अन माह्या बांधीत काय करून राहिले?"

तो दचकून वळला. म्हणजे कमरेच्या वरचा वळला... पाय होते तिथेच राहिले. त्यानं सिरिंज दातांतून काढली.

"नमुने घेतोय. हवेचे."

"हवेचे?" दीपमालानं कमरेवर हात ठेवले. "तुमच्या गावची संपली का?"

"तुमच्या बाबांची परवानगी घेतलीय. तेजरामजींची."

"बाबाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवापासून बांधी मी पाहाते. परवानगी माही लागते."

"मग... द्या ना." तो इतक्या गरिबीनं म्हणाला, की तिला हसू दाबावं लागलं. "मी संघपाल. पवनीचा. विद्यापीठाच्या प्रकल्पात मिथेन मोजतो. आणि..." आता त्याची शहरी भाषा पार गळून पडली, "जरा हात देता का जी? पाय निघून नाही राहिला."

तिनं हात दिला. पाय निघाला, चप्पल मात्र चिखलातच राहिली. ती शोधायला दोघंही वाकले आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. दीपमाला दिवसभर कपाळ चोळत होती आणि दिवसभर उगीचच हसत होती.

त्यानंतर संघपाल दर मंगळवारी येऊ लागला. तलावाच्या तोंडाशी पहिली बांधी होती भैय्यालालजींची. ते पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. आणि पाट जिथे संपतो तिथली शेवटची बांधी दीपमालाची. संघपालला या दोन्ही मोजायच्या होत्या. धानाच्या चार-सहा बुंध्यांवर पेटी पालथी घालायची, अर्धा तास ठेवायची आणि दर दहा मिनिटांनी सिरिंजनं आतली हवा ओढून घ्यायची. मधली दहा-दहा मिनिटं धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधावर, बसून राहायचं... आणि दीपमालाला नेमकी त्याच वेळी त्याच धुऱ्यावर कामं निघायची.

"हे मिथेन येते कुठून?" तिनं एकदा विचारलं.

"चिखलातून. पाणी उभं राहिलं की जमिनीत हवा पोचत नाही. मग तिथले डोळ्यांना न दिसणारे जीव काडीकचरा कुजवतात आणि हा वायू सोडतात. धानाच्या पोकळ दांड्यातून तो वर हवेत जातो."

"अन वर जाऊन?"

"उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांचा हिशेब केला तर कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट."

दीपमालाच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे दुनिया तापली, अन आळ आला आमच्या धानावर? मोटारी, कारखाने, कोळसा, ते राहिले बाजूले!"

"आळ नाही हो! त्यांचा वाटा मोठाच आहे. धानाचा छोटा. पण मिथेनचं एक बरं असतं..." बोलताना त्याचे डोळे चमकायला लागले. "तो हवेत दहा-बारा वर्षंच टिकतो. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं जात नाही. म्हणजे आज मिथेन कमी केला, तर त्याचा फरक बघायला आपण दोघं... म्हणजे... आपण सगळेच असू ना."

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. तेवढ्यात घड्याळाचा गजर वाजला आणि सिरिंज घेऊन तो असा पळाला की धुऱ्यावरून घसरताघसरता वाचला.

"सावकाश जी!" दीपमाला ओरडली. "चप्पल सांभाळा!"

पुढच्या मंगळवारी तिनं लाखोळीच्या डाळीचे वडे आणले. "आईनं जास्तीचे केले," असं ती म्हणाली. आईनं एकही केला नव्हता. पहाटे उठून तिनंच तळले होते. संघपालनं सहा खाल्ले आणि सातवा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

"तो कायले?"

"हा पण नमुना," तो गंभीरपणे म्हणाला. "पवनीला नेऊन तपासतो."

आणि मार्चच्या मध्याला एका दुपारी आभाळ अचानक काळवंडलं. अवकाळी पावसाचे टपोरे थेंब तडातडा कोसळू लागले. जवळ ना झाड, ना झोपडी. संघपालनं काय करावं? धुऱ्यावर ठेवलेली ती पारदर्शक पेटी उचलली आणि थेट दीपमालाच्या डोक्यावर धरली!

"अन तुमी?"

"मला सवय आहे."

"कायची सवय? या आत."

पेटी होती धानासाठी. दोन माणसांची डोकी तिच्यात कशीबशी मावली. बाहेर पाणी ओघळत होतं, ओल्या मातीचा वास आत शिरत होता. श्वासांनी काच धुरकट होत गेली आणि बाहेरचं एकोडी हळूहळू पुसलं गेलं. त्याच्या पापणीवर एक थेंब अडकला होता. तो पुसावा असं दीपमालाला फार वाटलं... पण हात उचललाच नाही.

"आता घेता का नमुना?" तिनं हळूच विचारलं.

"नको," तो पुटपुटला. "आकडा फार मोठा येईल."

पाऊस दहा मिनिटांतच थांबला. दीपमालाला त्या पावसाचा फार राग आला.

त्याच आठवड्यात गावात वाईट बातमी फुटली. तलाव निम्म्याहून खाली गेला होता. उरलेलं पाणी फक्त वरच्या बांध्यांना द्यायचं, असं संस्थेत घाटत होतं. तळाच्या सात घरांचा धान ऐन फुलोऱ्यात कोरडा पडणार होता. त्यांत दीपमालाचं घर होतं, आणि एकटीनं शेती करणाऱ्या पंचफुलाबाईचंही.

मंगळवारी दीपमालानं संघपालला हे सांगितलं, तेव्हा तिचा आवाज भरून आला. तो वही काढून म्हणाला, "हे बघा. हा भैय्यालालजींच्या बांधीचा मिथेन. आणि हा तुमचा. निम्मासुद्धा नाही. का, सांगा?"

"काहून?"

"पाणी तुमच्यापर्यंत धड पोचत नाही म्हणून. तुमची बांधी चारदा आटली. आटली की जमिनीत हवा शिरते आणि मिथेन बनणं थांबतं. पण मला हे नाही सांगायचं..." त्यानं समोर बोट दाखवलं. "धान बघा. वाळला का?"

दीपमालानं आपल्याच बांधीकडे नव्यानं पाहिलं. हिरवागार होता धान! इतकी वर्षं पाण्यासाठी भांडण्यात गेली, आणि हे कधी डोळ्यांत भरलंच नाही.

"म्हणजे धानाले रोज उभं पाणी लागतच नाही?"

"फुलोऱ्यात लागतं. एरवी पाणी जमिनीखाली वीतभर उतरलं की मग द्यायचं. भोकं पाडलेला पाइप बांधीत गाडला की आत किती पाणी आहे ते दिसतं."

"अन वरच्या बांध्याइनं असं केलं, तं..."

"तं पाणी वाचते," तो म्हणाला. "अन तुमच्यापर्यंत येते."

दीपमाला उठून उभी राहिली. "उद्या चार वाजता सभा आहे. तुमी येऊन राहिले."

सभेत संघपाल बोलायला उभा राहिला आणि सारा घोटाळा झाला. 'हरितगृह वायू', 'उत्सर्जन', 'जागतिक तापमानवाढ'... एकेक शब्द असा काही आला, की मागचे लोक जांभया देऊ लागले. भैय्यालालजींनी घड्याळ पाहिलं. तशी दीपमाला उठली.

"भैय्यालालजी, तुमच्या बांधीत रोवणीपासून पाणी उभं आहे. माही चारदा आटली. दोन्हीतला धान पाहाले चला. आत्ताच."

"पोरी, धान का असा पाहून समजते?"

"मोजून समजते. चला ना जी."

अख्खी सभा उठून बांध्यांवर गेली. आधी तळाला. पंचफुलाबाईनं स्वतः वाकून दीपमालाच्या धानाच्या एका बुंध्याचे फुटवे मोजले. सतरा. मग वर येऊन भैय्यालालजींचे मोजले. सोळा. लोकांत कुजबुज सुरू झाली. सूर्य मावळून गेला होता. संघपालनं आता तोंडानं काही सांगायचं नाही असं ठरवलं असावं. त्यानं एक बाटली पाण्यानं भरली, नरसाळं लावून भैय्यालालजींच्या बांधीत पालथी धरली आणि काठीनं खालचा चिखल ढवळला. बुडबुड बुडबुड करत बुडबुडे बाटलीत चढू लागले. पाणी निघून बाटली वायूनं भरली. तोंडावर अंगठा दाबून त्यानं ती बाहेर काढली आणि दीपमालाकडे पाहिलं. तिनं आगकाडी ओढली, त्यानं अंगठा काढला.

भप्प!

बाटलीच्या तोंडाशी निळी ज्योत नाचली. पंचफुलाबाई दोन पावलं मागे सरली. "अगं माय!"

"माह्या बांधीतून निघाला हा?" भैय्यालालजींचे डोळे विस्फारले होते.

"तुमी धानासंगं गॅस बी पिकवून राहिले," दीपमाला म्हणाली आणि हशा पिकला. हसू ओसरायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं. हा वायू कसा बनतो, दुनिया कशी तापवतो, पाइप कुठे गाडायचा, पाळी कशी लावायची. एकही अवघड शब्द नाही. संघपाल तिच्याकडे बघतच राहिला.

"अन धान बसला, पिकलाच नाही तं?" भैय्यालालजींनी विचारलं.

दीपमालानं क्षणभर श्वास रोखला. "तं माह्या बांधीतला सारा धान तुमचा."

काठी टेकत मागे उभे असलेले तेजराम पुढे आले. पणाला लागलेली ती बांधी त्यांनी तीस वर्षं कसली होती.

"पोट्टी बोलली ना," ते म्हणाले, "तोच माहा शब्द."

भैय्यालालजींनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "उद्या पाइप घेऊन या जी, साहेब," ते संघपालला म्हणाले. "पहिला माह्या बांधीत गाडा."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तळाचा धान फुलोऱ्यावर आला. त्या सकाळी भैय्यालालजींनी आपल्या हातानं पाटाची फळी उचलली. पाणी निघालं, वळणं घेत, पालापाचोळा ढकलत, थेट शेवटच्या बांधीत शिरलं. दीपमाला अनवाणी त्यात उभी राहिली आणि तिनं फोन लावला.

"पाणी आलं..."

पलीकडे संघपालला ऐकू जावं म्हणून तिनं फोन पाण्याजवळ नेला. दोघं नुसतेच पाण्याचा आवाज ऐकत राहिले.

मे महिन्यात कापणी झाली. वरच्या बांध्यांना गेल्या वर्षीइतकंच पिकलं, आणि तळाच्या सातही घरांत पहिल्यांदा उन्हाळी धानाची पोती भिंतीला लागली. वरच्या बांध्यांतला मिथेन निम्म्यावर आला होता. भैय्यालालजी सांगत सुटले होते, "आमच्या एकोडीनं दुनियेचा ताप कमी केला!" शेजारच्या दोन गावांचे लोक पाइप बघून गेले.

आणि संघपालचा प्रकल्प संपला. निरोप घ्यायला तो आला, अंगणात उभा राहिला, तीनदा तोंड उघडलं आणि शेवटी म्हणाला, "अहवालात तुमचं नाव घातलंय मी. पहिल्याच पानावर."

"बरं," दीपमाला म्हणाली.

तो गेला. दीपमाला दोन दिवस धुमसत होती. अहवालात म्हणे! तिसऱ्या दिवशी ती तेजरामांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, पवनीले जाऊ."

"कायले व?"

"पोरगा पाहाले."

तेजराम काठीवर हनुवटी टेकून हसले. "मले वाटलं, वडे तळून तळूनच म्हातारी होतं का काय!"

संघपालची आई, विमलाबाई, दारात पाहुणे बघून गोंधळली. पण 'जय भीम' झालं, पाणी झालं, आणि तेजरामांनी येण्याचं कारण सांगताच तिनं मागे वळून हाक मारली, "संघपाल! पोहे आण रे बाप्पा, तुले पाहाले आले!"

पोह्यांच्या बश्या बाहेर आल्या. मागोमाग संघपाल. नजर जमिनीवर.

"मुलगा बोलते का?" दीपमालानं विमलाबाईला विचारलं.

"सभेत नाही बोलत म्हणते," विमलाबाईनं पदर तोंडाला लावला. "एकट्यानं विचारून पाह्य, पोरी."

मागच्या अंगणात दोघं समोरासमोर उभे राहिले. पवनीच्या उन्हात नदीकडून आलेला वारा फिरत होता.

"इतका बारीक वायू मोजता," ती म्हणाली, "अन माह्या मनातलं मोजता आलं नाही?"

"मोजलं होतं." त्यानं मान वर केली. "पुन्हा पुन्हा मोजलं. विश्वास बसत नव्हता."

"मंग विचारलं काहून नाही?"

"तुमी नाही म्हणाल म्हणून..."

"विचारायच्या आधी मी नाही कशी म्हणू जी?"

संघपालनं खोल श्वास घेतला. आणि पहिल्यांदाच, अजिबात न अडखळता, तो म्हणाला, "दीपमाला, मले तू आवडते. पहिल्या दिवसापासून. माह्याशी लग्न करशील?"

त्या 'तू'नं तिच्या डोळ्यांत एकदम पाणी उभं राहिलं. तिनं ते लपवलं नाही. त्याचा हात आपल्या हातात घट्ट धरला, आणि घराकडे तोंड करून, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"बाबा, पोरगा पसंत आहे मले!"