मान-सोपचा वास

पटो न पटो, हे घडलंय.

मान-सोप माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ. हे सगळं त्यानं आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं.

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, तोंगयोंगच्या पलीकडचं आमचं बंदर. चुसोकचा सुगीचा सण नुकताच उलटला होता. तिन्हीसांजेची वेळ.

मान-सोप मासळीची कुटी, म्हणजे भुकटी, करणाऱ्या कारखान्यात कामाला. त्या वासानं सगळं गाव हैराण व्हायचं, म्हणून मालकानं धुरांड्यात नवं यंत्र बसवलं होतं. काचेच्या नळ्या आणि त्यांत विजेच्या निळ्या ठिणग्या. घाण हवा त्यातून गेली की वासाचा कण न् कण फुटायचा. वर निघायची नुसती कोरी हवा.

त्या दिवशी नळ्यांवर काजळी धरली होती. मान-सोपनं वीज तोडली, बटणाला कुलूप घातलं आणि पुसायला आत शिरला.

"दादा, आटप! सूप गार होतंय!" बाहेरून तोक-बे ओरडला. हा त्याचा कामावरचा जोडीदार.

आणि आत...

चट्.

चट्... चट्.

वीज तर बंद होती.

नळ्यांमधून काहीतरी निळं सरकत गेलं. अंगावरचा केस न् केस उभा राहिला. मग सगळं शांत.

तो बाहेर आला तसा तोक-बे हसला. "काय रे, अत्तर लावून आलास? मासळीचा वासच नाही तुला!"

मग त्यानं मान-सोपच्या मानेजवळ नाक नेलं... आणि त्याचं हसू मावळलं.

"दादा... घामाचासुद्धा नाही रे."

घरी फाटकात पाळलेलं कुत्रंच त्याच्यावर गुरगुरलं. शेपूट पायांत घालून मागे मागे सरकलं.

आईची दृष्टी कधीच गेलेली. ती खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर बसून जेवत होती.

"आई, आलो गं."

"कोण?"

"कोण काय? मी, मान-सोप!"

"म्हातारीची थट्टा करता होय? मान-सोप मघाशीच आलाय. हा काय, जेवतोय."

बैठ्या टेबलावर दोन वाट्या होत्या. दुसरीतला भात अर्धा संपलेला.

समोर कुणीच नव्हतं.

पण खोली मासळीच्या वासानं भरली होती. ज्या वासापायी बायको सोडून गेली, तोच. त्याचा स्वतःचा.

त्यानं आईचा हात ओढून आपल्या गालावर ठेवला. तिनं झटकन काढून घेतला.

"आवाज बरा काढता हो त्याचा. पण माणसाला काही वास असतो की नाही?" आणि रिकाम्या जागेकडे वळून म्हणाली, "बाळा, बघ रे, दारात कोण आलंय."

तिथून... वाटीत चमचा ठेवल्याचा आवाज आला.

नंतर मान-सोप मासळीच्या पाण्यानं न्हाला, पिंपांमध्ये झोपला. अंगाला वास म्हणून चिकटेना. यंत्र बंद करा म्हणून मालकाच्या पाया पडला.

"वेड लागलं का? गावानं पहिल्यांदा खिडक्या उघडल्यात!"

भूत उतरवणारी मुदांग बोलावली. ती उंबऱ्यावरूनच परतली.

"मेलेल्याला घालवता येतं," ती म्हणाली. "हा मेलेला नाही."

आता मान-सोप आमच्या मागच्या खोलीत राहतो.

परवा मी मावशींकडे, म्हणजे मान-सोपच्या आईकडे, किमची घेऊन गेले. त्यांनी मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या,

"सूनबाई, मुलगा जेवतो, झोपतो, सगळं करतो. पण बोलत नाही गं. आणि आताशा... मी झोपले ना, की उशाशी बसून मला हुंगत राहतो."

डबा तसाच ठेवून निघाले.

मान-सोप रोज संध्याकाळी विचारतो, "वहिनी, आई बरी आहे ना?"

मी म्हणते, "बरी आहे."