एका ओळीसाठी लोहाऱ्याहून

गुर्रर्र... माझ्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सगळं शांत असताना फ्रीज बोलला. म्हणजे लाईट आली!

"आली की गं लाईट," बाकावर बसलेल्या पेशंट गंगम्मा म्हणाल्या. "माझा शुगरचा कागद कुठं हाय?"

कॉम्प्युटर सुरू झाला, पण रिपोर्टचं सॉफ्टवेअर ढिम्म. ते बसवणारा फोन उचलेना. तेवढ्यात आपल्या आईला रक्त तपासायला घेऊन आलेला एक तरुण उठला. "मी बघू का? हेच काम करतो मी... लोहाऱ्यात."

त्यानं बाह्या सरसावल्या, दोन ओळी टाईप केल्या... आणि प्रिंटर चालू!

"लिनक्सवर कंटेनर आहेत. डबे समजा. कॉम्प्युटर बंद पडला की डबेही बंद. मग हातानं उघडायचे."

"दरवेळी?"

"एक ओळ लिहिली की आपोआप उघडतील."

"मग लिहा ना!"

"पुढच्या खेपेला," तो हसला. इंद्रजित नाव त्याचं.

उमरग्यात लाईटीला जायला कारण लागत नाही. दोन महिन्यांत तो अकरा वेळा आला. ओळ? एकदा गाडी पंक्चर, एकदा आभाळ आलेलं, एकदा चहा गार होत होता... वैताग नुसता! माझ्या लेकीचे, आरोहीचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली. घर न् लॅब मी एकटीच ओढते. असल्या पुढच्या खेपा मला कुठून परवडणार?

शेवटी एका दुपारी, आरोही झोपल्यावर, मीच शोधून ती ओळ लिहिली.

सोमवारी लाईट गेली, आली, आणि सगळे डबे आपोआप उघडले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. म्हणजे आता तो येणारच नाही? मी फोन लावला. "परत बंद पडलंय!"

पाऊण तासात तो दारात. केसांत धूळ. स्क्रीन बघून थबकला.

"चालूय की सगळं. ओळ कुणी लिहिली?"

"मी."

"मग... फोन?"

"आधी तुम्ही सांगा! दोन महिने का लिहिली नाहीत? माझे पेशंट ताटकळले!"

तो हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला. "चुकलंच. पण लिहिली असती, तर लोहाऱ्याहून यायला निमित्त काय सांगितलं असतं? आता... निमित्त नसताना आलो तर चालेल?"

माझे कान तापले.

"रविवारी लॅब बंद असते," मी कशीबशी म्हणाले. "तेव्हा या."

आतून डोळे चोळत आरोही आली. आधी स्क्रीनकडं बघितलं, मग त्याच्याकडं, मग माझ्याकडं.

"आई, कॉम्प्युटर तर चालूच होता की. मग काकांना फोनवर बंद पडलंय असं खोटं का सांगितलंस?"