काळ्या टेपखालची रॅकेट

“ती रॅकेट आहे की तवा?”

केतन माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. प्रेमात पहिलं वाक्य गोड असतं म्हणतात. असेल कुणाचं. मी खारघरला टेनिस कोर्टामागच्या भिंतीवर एकटीच बॉल मारत होते. पावसाची सर येऊन गेली होती, बॉल भिजून जड झालेला, प्रत्येक फटक्याला तोंडावर तुषार उडत होते. आणि मागून हा आवाज.

मी वळले. पांढरा टी-शर्ट, ओले केस, खांद्यावर भलीमोठी बॅग. डोळे माझ्या रॅकेटवर. माझ्यावर नाहीत. तेच जास्त लागलं.

“तवा आहे,” मी म्हणाले. “भाजून घ्यायचंय?”

तो हसला. “वजन बघू?”

“स्वतःचं बघ.”

“अगं, खरंच विचारतोय. नव्वदच्या काळातली आहे ना? ग्रॅफाइट… एवढी पातळ फ्रेम आता कुणी करत नाही.” मग झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तशा आवाजात म्हणाला, “हात लावू?”

ही रॅकेट माझ्या पप्पांनी आणलेली. त्यांच्या कंपनीचा स्पोर्ट्स क्लब बंद झाला, सामान भंगारात निघालं, त्यातून त्यांनी उचलली. मोठं बॅडमिंटन समजून. दिघ्याला आमच्या चाळीपुढे पहिल्याच फटक्यात फुलाची पिसं उडाली तेव्हा कळलं, की हे प्रकरण वेगळं आहे. त्याच रॅकेटवर मी शिकले. कंपनीच्या मागच्या भिंतीवर, मग कॉलेजच्या टीमकडून. आता ऐरोलीच्या एका शाळेत पीटी शिकवते. मुलं ‘दीक्षा मॅडम’ म्हणतात आणि घाबरतात. बरं आहे ते.

केतनची रॅकेट दुकानात मिळणारी नव्हती. मोठ्या खेळाडूंना कंपन्या वेगळ्या बनवून देतात, त्यातली. प्रो स्टॉक. कुणाकुणाच्या ओळखी लावून मिळवलेली. त्यानं ती माझ्या हातात दिली, माझी स्वतः घेतली, आणि आम्ही एकमेकांच्या रॅकेटीनं भिंतीवर बॉल मारत राहिलो.

“बोल,” तो म्हणाला. “कशी आहे?”

“चांगली आहे. बॉल सांगेल तिथं जातो. पण मुकी आहे. हाताला काही कळूच देत नाही.”

“आणि तुझी?”

“माझी भांडते.”

“तुझ्यावर गेलीय.”

हसू आलं होतं, ते दिसू नये म्हणून बॉल आणायला गेले. बॉल जवळच होता. मी उगाच लांबून वळसा घेतला.

*

त्यानं मला रविवारच्या मंडळीत नेलं, आणि माझ्या रॅकेटचं ‘तवा’ हे नावही. हौसेराव काका… रिटायर्ड इंजिनिअर, घरात लाकडी रॅकेटी सुनांपेक्षा जास्त जपणारे. आणि डॉक्टर चारुताई, दातांच्या. दोघंही रॅकेटवेडे. जुनी चांगली की प्रो लोकांची नवीन, यावर ही माणसं चहा गार होईपर्यंत भांडतात.

भांडण मिटवायची त्यांची एक रीत होती. चारुताई घरून काही रॅकेटी तयार करून आणायच्या. पूर्ण फ्रेम काळ्या टेपनं गुंडाळलेली, सगळ्यांना एकच ग्रिप, एकच तार, आणि शिशाच्या पट्ट्या चिकटवून वजनही सारखं केलेलं. कुठली कुणाची ते फक्त त्यांना माहीत. बाकीच्यांनी एकेक खेळून बघायची आणि ठरवायचं. “ही घेतो,” असं एकदा बोललं, की बदलायचं नाही. मग टेप काढायची, आणि दिवसभर त्याच रॅकेटीनं खेळायचं. लाकडी रॅकेट कितीही गुंडाळली तरी ओळखू येते, म्हणून हौसेराव काकांची यात कधी धरत नसत. ते रुसायचे, तरी दर वेळी घेऊन यायचे.

पावसाळा असाच सरत होता. ओल्या कोर्टवरून स्पंजचा रोलर फिरवताना त्याचा हात माझ्या हाताला लागायचा. मुद्दाम. मी हात काढायचे नाही. तेही मुद्दाम.

एकदा त्याच्या त्या लाडक्या प्रो रॅकेटला चरा पडला. वरचा रंग उडाला आणि आतून दुसराच रंग निघाला. फिका हिरवा, जुना. हौसेराव काका खुर्चीतच हसायला लागले. “अरे, मोठे खेळाडू सगळे हेच करतात. सवयीची जुनीच फ्रेम ठेवायची आणि वरून नवीन मॉडेलचा रंग मारायचा. तुझी रॅकेट माझ्या जावयाएवढी म्हातारी आहे.”

मला वाटलं केतन चिडेल. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “म्हणजे इतके दिवस मी तुझ्याच बाजूनं खेळत होतो. आणि तू सांगितलं पण नाहीस.”

त्या क्षणी मी गेले. कामातून गेले.

*

आता खरं बोलते. केतन घणसोली गावचा. आगरी. बापजाद्यांची भातशेती होती, खाडीलगत मिठागर होतं, आता तिथं बिल्डिंगी आहेत आणि त्यांचं भाडं येतं. आम्ही ज्या सोसायटीच्या कोर्टवर खेळायचो, तिथं त्याच्या वडिलांचे, वामनशेठचे फ्लॅट, कमिटीत त्यांचा शब्द. आणि मी दीक्षा भगवान सोनकांबळे, राहणार दिघा. मराठवाड्यातून आलेलं बौद्ध घर. आडनाव ऐकलं की लोक क्षणभर थांबतात ना, तो थांबा मी शाळेपासून मोजत आलेय. केतन पहिल्या दिवशी थांबला नव्हता. काहीच म्हणाला नव्हता. मला फार आवडलं होतं ते.

मग कळलं, काही न म्हणणं हा त्याचा स्वभावच आहे. घरी पण तो काहीच म्हणत नव्हता.

“या रविवारी बाबा येणारेत कोर्टवर,” तो एका संध्याकाळी म्हणाला. आम्ही माझ्या स्कूटीजवळ उभे होतो. “सोसायटीची स्पर्धा घ्यायचीय, म्हणून बघायला.”

“मग सांग.”

“बघतो.”

“बघतो काय? मी पिक्चर आहे?”

“दीक्षा, तू ओळखत नाहीस त्यांना. वेळ बघून…”

“ते विचारतील, ही कोण. विचारणारच. तेव्हा तू जे बोलशील ते शेवटचं.” मी हेल्मेट डोक्यावर चढवलं. “मैत्रीण म्हणालास, तर मग मैत्रीण पण राहणार नाही.”

त्यानं माझ्या हेल्मेटचा पट्टा लावून दिला. नीट, हळू, हनुवटीला बोट न लागू देता.

*

रविवारी आभाळ भरलेलं. डोंगर दिसत नव्हता. कोर्टवर ओल्या सिमेंटचा वास. वामनशेठ खुर्चीवर बसले होते, पांढरे कपडे, गळ्यात चेन, गुडघ्यावर निवांत हात. चारुताईंनी बाकावर काळ्या रॅकेटी मांडल्या होत्या. माझी आणि केतनची, दोन्ही त्यांनी आदल्या दिवशीच नेल्या होत्या.

वामनशेठनी मला वरखाली बघितलं. वाईट नजर नव्हती. मोजणारी होती.

“ही कोन रे?”

केतननं माझ्याकडे बघितलं. मग जाळीकडे. मग बुटांकडे.

“ही… दीक्षा. रॅकेटवाल्या ग्रूपमधली. येते रविवारी.”

येते रविवारी. दूधवाला येतो, तशी.

“कुनाची गो तू? आडनाव काय?”

“सोनकांबळे,” मी म्हणाले. “दिघ्याला राहते.”

तो थांबा आला. नेहमीचा. “बरं,” ते म्हणाले आणि हौसेराव काकांना पार्किंगबद्दल काहीतरी विचारायला लागले.

मी तेव्हाच निघायला हवं होतं. निघाले नाही, कारण रॅकेट माझी टेपखाली होती आणि ती सोडून जाणारी मी नव्हे.

केतन खेळायला उतरला. त्याच्या हातात काळी रॅकेट, समोर चारुताई. एक घेतली, ठेवली. दुसरी घेतली, ठेवली. मग तिसरी. आणि… मी त्याला इतके महिने बघतेय, मला कळलं. खांदे उतरले. मनगट मोकळं झालं. बॉल तारांवरून असा सुटायला लागला, की आवाज बाहेरच्या जाळीपाशी ऐकू येत होता. वामनशेठ पण बघायला लागले. पोरगा खेळतो कसा, हे त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच बघितलं.

“ही घेतो,” केतन म्हणाला. धाप लागली होती, चेहरा उजळला होता. “ताई, ही माझीच असणार. पैज.”

चारुताईंनी ब्लेड फिरवलं. टेप चर्र करत सुटत गेली. आधी लाल पट्टा दिसला. मग टवके उडालेली कड. मग आतल्या बाजूला पेननं लिहिलेलं, पप्पांच्या अक्षरात: सोनकांबळे.

हौसेराव काका खो-खो हसले. “तवा. अरे, तव्यावर आला गडी.”

केतनचे कान लाल झाले. त्यानं वडिलांकडे बघितलं. वामनशेठ ते नाव वाचत होते.

“नाही… थांबा,” केतन म्हणाला. “परत मारून बघतो. घाई झाली.”

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. तार तुटते तसं. आवाज मलाच ऐकू आला.

“परत नाही,” मी म्हणाले. “बोललास ना? इथं बदलायचं नाही.”

“दीक्षा, गंमत चाललीय…”

“गंमत तुझी चाललीय. टेप होती तोवर हातात धरवत होती तुला. आवडत होती. नाव वाचलं, आणि लगेच घाई झाली होय?” मी पुढं गेले आणि रॅकेट त्याच्या हातातून काढून घेतली. “तुझं सगळंच असं आहे. अंधारात माझी, उजेडात रविवारची.”

वामनशेठ खुर्चीत सरळ झाले. त्यांना कळलं. कळावं म्हणूनच मी बोलले होते. मी गेटकडे चालायला लागले. रडणार नव्हते, पण कोर्टाची पांढरी रेघ मधेच धुरकट झाली.

केतन गेटबाहेर धावत आला.

“दीक्षा, ऐक ना… माझं तुझ्यावर… मला तूच हवीयस. आईशप्पथ.”

इतके महिने या वाक्याची वाट बघितली होती मी. केव्हा आलं बघा.

“इथं काय सांगतोस? इथं सिक्युरिटीवाला आहे फक्त. त्याची काही हरकत नाही.” मी जाळीकडे बोट केलं. “आत बोल.”

तो तिथंच उभा. बारीक पाऊस सुरू झाला होता. पापण्यांवर थेंब, ओठ कोरडे. मी स्कूटीला चावी लावली. मागं बघायचं नाही, ठरवलं होतं. बघितलं.

तो आत चालला होता.

जाळीतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. तो वडिलांसमोर उभा राहिला. हात आधी मागे होते, मग पुढे आले. काहीतरी बोलला. वामनशेठ उठले. ते बोलत राहिले, बोट नाचत राहिलं. चारुताईंनी टेपचं रीळ उगाच उलगडून परत गुंडाळलं. केतननं मान खाली घातली… आणि पुन्हा वर केली. मग हात लांब करून, सगळ्यांसमोर, माझ्याकडे दाखवलं. त्याचे ओठ हलले, एकदाच. काय म्हणाला ते मला आजही तो सांगत नाही. हौसेराव काकांनी मात्र डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

वामनशेठ बाहेर आले. माझ्यापाशी थांबले. जवळून ते थकलेले दिसत होते.

“मी हो बोल्लो नाय,” ते म्हणाले. “समजलीस? याची आय तर ऐकायचीच नाय.”

“समजलं,” मी म्हणाले. “मी पण अजून हो बोलले नाहीये.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मोजलं नाही. मग मागं आलेल्या केतनपुढे हात केला. “चावी दे गारीची. लय मोठा झालास ना? आता जा पायांनी.”

गाडी गेली. आम्ही दोघं पावसात. तो भिजलेला, घाबरलेला, आणि मूर्खासारखा हसणारा.

“सोडतेस का?” तो म्हणाला. “मागं बसतो. गप्प बसतो.”

“गप्प तर आजपर्यंत बसलाच होतास. कुठं सोडू? घणसोली?”

“तिथं आज जेवण मिळणार नाही.” मग हळूच, “दिघ्याला चल. तुझ्या घरी. मी माझ्याकडे बोललो… आता तुझ्याकडे तू बोल.”

आणि मी, जिनं आत्ता सगळ्या कोर्टासमोर त्याची सालटी काढली होती, मीच आता हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले. आईला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. माझ्या आईनं, जाईबाईनं, मला लहानपणापासून एकच बजावलंय: त्या मोठ्या घरांच्या नादी लागू नको, ते खेळतात आणि घरी जातात.

“उद्या गेलो तर?” मी म्हणाले.

त्यानं नुसतं बघितलं. त्याचं ते न बोलणं या वेळी मला चांगलंच लागलं.

मी फोन काढला. हात ओले, स्क्रीन घसरत होती. रिंग वाजली. तो एक पाऊल मागे सरकला, ऐकू येऊ नये म्हणून. मी त्याचा टी-शर्ट धरून परत पुढे ओढला.

“आई… जेवायला एकाला घेऊन येतेय.”

“कोन हाय?” मागं कुकरची शिट्टी. “शाळंतलं हाय का कुनी?”

“नाही.” त्याचा टी-शर्ट अजून माझ्या मुठीत होता. “केतन नाव आहे. घणसोलीचा. तो… मला आवडतो, आई. मी लग्न करीन तर याच्याशीच.”

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. केतन माझ्याकडे असा बघत होता, जसं हे त्यालाही आत्ताच कळत होतं. खरंच, त्याला तरी मी कधी सांगितलं होतं?

“आई? आहेस ना?”

“हाय,” आई म्हणाली. मग भांडं सरकवत, “सुकट खातो का त्यो?”