राखणदाराची झोप

रक्षाच्या गोधडीचा कोपरा धुमसत होता...

विहिरीवरून परतलेल्या मयूरीच्या कमरेवरची घागर सुटली आणि अंगणात पाणीच पाणी झालं. ओसरीवर आठ महिन्यांची रक्षा गाढ झोपलेली, तिच्या पायाशी खांबाला टेकून सासरे धाकलू बसल्या बसल्या झोपी गेलेले, आणि त्यांच्या बोटांतून निसटलेली बिडी लेकराच्या इवल्या पावलापासून वीतभर अंतरावर जळत होती!

तिनं पोरीला उचलून छातीशी आवळलं. "मामा, आजपासून माझ्या लेकीजवळ बसू नका."

सासूबाई केशर चुलीपुढून उठून आल्या. "असं बोलत्यात व्हय बापमाणसाला? रातभर डोळा लागत न्हाई त्येंचा. दिवसा लागला जरा, तर काय गुना झाला?"

"आणि पोर पेटली असती तर, आत्या?"

जागे झालेले धाकलू आपल्याच हाताकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसे, बघत राहिले.

उभा जन्म त्यांनी रानात माळ्यावर काढला होता. पिकल्या भाताला रानडुकरं लागू नयेत, गवे शिरू नयेत म्हणून चार खांबांवरच्या त्या गवती मचाणावर बिड्या ओढत जागायचं, ही तर इथल्या घराघराची रीत. सुगी सरली तरी झोप मात्र परतली नाही, आणि मग झोपेसाठीही बिडीच. केशर रोज निजताना त्यांच्या उशाशी बिडीबंडल नि काडेपेटी मायेनं ठेवायच्या. खोकला दाखवायला मयूरी त्यांना रामनगरला घेऊन गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बिडी झोप आणत नाही, मोडते. तिची तलफच माणसाला उठवते. केशर हसल्या होत्या. "बिडीनंच तर निजत्यात ते. डागदरला काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी धाकलूंनी वाकळ खांद्यावर टाकली.

"भात तर घरात आलं," केशर म्हणाल्या. "आता माळ्यावर काय राखायचं हाय?"

"गवत हाय," एवढंच बोलून ते निघून गेले.

गणेशगुडीला पर्यटकांच्या बोटी चालवणाऱ्या नवऱ्याचा, विनोदचा, फोन आला. "बाबांना घराबाहेर काढलंस म्हणे?"

"मी लेकीला आगीपासून बाजूला केलं," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर मात्र तिच्या मनात भलतंच येऊ लागलं. डुलक्या घेणारा म्हातारा माणूस, पेटती बिडी, खाली वाळल्या गवताची उडवी... तिनं लेकीचं संकट टाळलं होतं की सासऱ्यांना त्याच्या तोंडी दिलं होतं? चार घास गिळतानाही तिचं लक्ष मागच्या दारातून रानाकडे धावायचं.

आणि एका दुपारी तिकडून धूर वर चढताना दिसला!

रक्षाला काखोटीला मारून ती बांधावरून धावत सुटली. मागून केशर, ठेचकाळत, देवाचं नाव घेत...

माळा जागेवर होता. उडवीपासून दूर, मोकळ्या खाचरात, धाकलू शेकोटीपुढे बसले होते. भर उन्हात त्यांचं अंग थरथरत होतं. शेजारी पाण्याची कळशी.

"मामा... बिडी?"

"सोडली. त्याच दिशी."

"मग घरी का नाही सांगितलंत?"

"जिवाची तगमग होतीया, पोरी. व्हती न्हवती ती झोपबी गेली. परवा कुत्र्याला उगाच काठी घातली मी. घरात पोर रडली, आन् तिच्यावर हात उगारला तर?... माझं मलाच भ्या वाटतंय."

मयूरीच्या डोळ्यांतून घळाघळा आसवं वाहू लागली. ज्या भयानं तिनं त्यांना दूर लोटलं, त्याच भयापायी ते स्वतः वनवासात आले होते! केशर त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "बंडल मीच ठेवत व्हते की उशाला..."

"मायेनं ठेवत व्हतीस गं. आता तोंडात टाकाया फुटाणं ठेव," धाकलू क्षीण हसले.

"घरी चला, मामा. डॉक्टर म्हणाले होते, सोडली की आधी झोप आणखी उडते, मग हळूहळू येते. चिडलात तर चिडा. मी आहे मध्ये."

"पोर देशील माझ्यापाशी?"

तिनं रक्षाला सावरून धरलं. "आज नाही, मामा. पण मी तिला घेऊन तुमच्याजवळ बसेन."

"बरं हाय." त्यांनी मान डोलावली. "आईला एवढं भ्या पायजेच."

केशरनी शेकोटी विझवली आणि चौघं माळ्याच्या सावलीत टेकली. विनोदच्या लहानपणचं काहीतरी सांगता सांगता धाकलूंचा शब्द अडखळला, मान कलली... किती दिवसांनी कोण जाणे, त्यांचा श्वास संथ झाला. रक्षानं मांडीवरून झेपावून आजोबांचा सदरा मुठीत धरला. मयूरीनं ती मूठ सोडवली नाही.

"म्हशीच्या धारंची येळ झाली," केशर कुजबुजत उठू लागल्या.

मयूरीनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "रेकू दे थोडी, आत्या. मामा निजलेत."