सहीसाठी सादर

मृणालिनीचा डबा घरी राहिला, तो पोचवायला मी ट्राममध्ये बसलो. एवढंच काम होतं. नाशिकच्या अभिलेख कक्षात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाला कतारमधल्या या लुसैल शहरात याहून मोठं काम कोण देणार?

मुलगी तिथल्या एका कलादालनात नोकरीला. किनु सावामुरा या जपानी कलावतीच्या एकेचाळीस भांड्यांचं प्रदर्शन तिनं जमवलं होतं. बाईंच्या कुंभार घराण्यात बायकांना भट्टीजवळ जायला बंदी. म्हणून अडतिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःचीच भट्टी बांधली. पुढची पन्नास वर्षं एकच शिस्त. भट्टीतून निघालेलं भांडं न्याहाळायचं. पटलं तर त्याच्या लाकडी पेटीच्या झाकणावर सही, नाहीतर हातोडी. आमच्या कचेरीत आधी सही होई, पाहणं नंतर, जमल्यास.

तळघरातल्या गोदामात मृणालिनी एका पेटीसमोर बसली होती.

"बाबा, हिच्यावर सहीच नाही."

शेवटची भट्टी पेटलेली असतानाच बाई वारल्या. हे भांडं त्यांनी पाहिलंच नव्हतं. आणि सहीशिवाय एकही भांडं मांडायचं नाही, अशी त्यांच्या मुलाची लेखी अट.

"मग चाळीसच मांड."

"कॅटलॉग एकेचाळीसचा छापलाय. सगळ्या पेट्या तपासल्या, असं मीच लिहून दिलंय. नोकरी गेली की व्हिसा खलास, बाबा."

ती वर जेवायला गेली. मी सवयीनं खिशातलं चिठ्ठ्यांचं पॅड काढलं, एका चिठ्ठीवर 'सहीसाठी सादर' लिहिलं आणि ती झाकणाला चिकटवली. थट्टाच ती. त्या चिठ्ठीनं चौतीस वर्षांत जिवंत साहेब हलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाम सांभाळणाऱ्या शफीकनं कुलूप काढलं. आत ओल्या मातीचा वास होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि आत ओली माती... झाकणावर, माझ्या चिठ्ठीशेजारी, सही होती. मी बोट लावलं. शाई बोटाला आली.

"अंकल, चाबी तो मेरे पास थी..." शफीक पुटपुटला.

मृणालिनीनं ती सही बाकीच्या चाळिसांशी ताडून पाहिली. बराच वेळ.

"तुम्ही केलीत?"

"माझी मराठी सहीसुद्धा बँक परत पाठवते."

ती हसली नाही. भांडं मात्र मांडलं गेलं.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी कॅटलॉगमधलं पहिलं, सगळ्यांत जुनं भांडं बंद काचेच्या आत दोन तुकडे होऊन पडलेलं सापडलं. कापल्यासारखे सरळ तुकडे. कपचीसुद्धा उडालेली नाही. गोदामातल्या त्याच्या पेटीचं झाकण आम्ही पाहिलं. पन्नास वर्षांपूर्वीची सही नाहीशी झालेली, लाकूड कोरं. वर चिठ्ठी : 'सहीसाठी सादर'.

अक्षर माझं होतं. मी एकच चिठ्ठी लिहिली होती.

बाईंनी जुनी प्रकरणं पुन्हा उघडलेली दिसतात.

पॅड मी घरी आणून कपाटात कुलपात ठेवलंय. आज सकाळी उघडून पाहिलं, तर आणखी एक चिठ्ठी कमी. कपाटात ओल्या मातीचा वास आहे... आणि बाहेरच्या खोलीत फोन वाजतोय, कलादालनातून मृणालिनीचा.