मंगळवारचा खुला वर्ग

पंखा जरा कमी करा रे. माझा घसा हल्ली टिकत नाही. आणि भाचीबाई, ती फाइल बंद कर आता, दहा वेळा बघून झाली. उद्या मंगळवारी विद्यापीठात रुजू व्हायचंय ना? होशील. रात्रीत कागद कुठं पळून जात नाहीत. तुझ्या त्या इतिहास विभागात मी नव्हतो, पण समोरच्याच इमारतीत, परीक्षा विभागात अख्खी नोकरी काढली. तिथल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. माझा जिवाभावाचा मित्र. खोटं रचून सांगायचं माझं वय नाही, आणि तेवढा उत्साहही आता उरलेला नाही.

आम्ही त्याला तास्या म्हणायचो. तासिका तत्त्वावर शिकवायचा म्हणून. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, सुट्टी लागली की हात हलवत घरी. पोरसवदा लागला, डोक्यावरचे केस गेले, तरी तात्पुरताच. सकाळी इथं, दुपारी दुसऱ्या कॉलेजात, रात्री शिकवण्या. टेकेल तिथं झोपायचा. एकदा माझ्या टेबलाशी चहा फुंकता फुंकता झोपला, कप हातात तसाच. त्याची बायको मला म्हणायची, "भावोजी, एकदा कायम होऊ देत हे. मग वर्षभर उठवणार नाही मी यांना." त्या घराचा सगळा जीव त्या एका जागेत अडकला होता.

जागा होती मोठ्या सरांची. मोठे सर म्हणजे तास्याचे गुरू. ते वारले आणि जागा रिकामी झाली. उद्या तू ज्या खुर्चीत बसशील ना, तीच.

आता विद्यापीठाचा इतिहास थोडा ऐकावा लागेल, जांभया देऊ नका. तुम्हाला ते फाटक दिसतं, कारंजं दिसतं, काचेची ग्रंथालयाची इमारत दिसते. सुरुवात झाली ती धान्याच्या गोदामात. एक खोली आणि एक फळा. तेव्हा सरकारचं नव्हतं, गावातल्या लोकांनी पदरमोड करून उभं केलेलं. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम होता की आठवड्यातला एक तास गावाचा. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता. कुणीही यावं, बाकावर बसावं. प्रवेश नको, फी नको. हमाल यायचे, नर्स यायच्या, दुकान बंद करून न्हावी यायचा. त्याला म्हणायचे खुला वर्ग. पुढं सरकारनं विद्यापीठ ताब्यात घेतलं, विभाग वाढले, निम्म्या जागा रिकाम्या राहू लागल्या, पण खुला वर्ग राहिला गोदामातच.

आणि तिथली अजून एक रीत होती. सुरुवातीला खडूंचीसुद्धा मारामार. म्हणून तास संपला की खडू टेबलावर टाकून जायचं नाही. पुढचा शिक्षक दारात आला की त्याच्या हातात द्यायचा आणि मग निघायचं. पुढचा आला नाही तर? थांबायचं. वर्ग उघडा टाकून जायचं नाही. खडूंचे खोके यायला लागल्यावर सगळ्यांनी ही रीत सोडून दिली. मोठ्या सरांनी नाही सोडली.

शेवटी शेवटी खुल्या वर्गाला काळं कुत्रं फिरकत नव्हतं. सर रिकाम्या बाकांना शिकवायचे. पाय सुजलेले, धाप लागायची, तरी मंगळवार चुकवला नाही. ते गेले आणि वर्ग बंद पडला. कुणाला पत्ताही लागला नाही.

दोन वर्षांनी तपासणी समिती यायची ठरली. दर्जा ठरवणारी. विभागप्रमुखांनी तास्याला बोलावलं. "इतिहासाचे तुम्ही. विद्यापीठाचा इतिहास आणि परिचय तुम्हीच लिहा. झकास होऊ द्या. समिती गेली की तुमच्या फाइलचं बघू."

त्यानं लिहिला. चार रात्री जागून. त्यात एक वाक्य घातलं, की खुला वर्ग स्थापनेपासून आजतागायत दर मंगळवारी, एकदाही खंड न पडता सुरू आहे. आता वर्ग आहे म्हटल्यावर शिक्षकाचं नाव हवं. जागा रिकामी दाखवली तर गुण कापतात. मग त्यानं नाव टाकलं मोठ्या सरांचं.

मी म्हटलं, "अरे, माणूस जाऊन दोन वर्षं झाली!"

तर म्हणतो, "कागदावरच तर आहेत. मला झोप हवी आहे रे. एकदाचं होऊ दे."

डिसेंबरातला दुसरा मंगळवार. दुसऱ्या दिवशी सकाळी समिती. छपाईवाल्यानं उशीर केला आणि खुल्या वर्गाच्या वेळापत्रकाचा, सरांचं नाव छापलेला कागद हातात पडेपर्यंत रात्रीचे नऊ वाजून गेले. गोदामाबाहेरच्या काचेच्या चौकटीत तो लावायचा, एवढंच काम. किल्ल्या घेऊन तास्या निघाला. मागच्या अंगाला दिवे कमी. थंडी होती, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो चालता चालता पेंगत होता, त्यानंच सांगितलंय मला.

चौकट उघडली. कागद लावला. काच सरकवली.

आतून आवाज आला.

फळ्यावर खडू चालतो ना... तसा.

दाराला कुलूप होतं. बाहेरून. दोन वर्षांचा गंज चढलेलं. त्याला वाटलं, उंदीर असेल. मग आवाज थांबला. कुणीतरी खोकलं. तो खोकला त्यानं शिकताना पाच वर्षं ऐकला होता.

मी असतो तर पळालो असतो. हा पळाला नाही. इतकं दमलेल्या माणसाला भीतीसुद्धा उशिरा कळते बहुतेक. त्यानं कुलूप काढलं. दार ढकललं.

आत उजेड नव्हता. बाहेरच्या दिव्याचा एक पट्टा फळ्यापर्यंत गेला होता. फळ्यापाशी कुणीतरी उभं. पाठमोरं. एक हात टेबलावर टेकलेला.

"उशीर केलास..."

तास्या उंबऱ्यावरच उभा.

"सातपासून उभा आहे मी."

"सर... तुम्ही तर..."

"तूच बोलावलंस ना? नाव लावलंस. खंड न पडता, असं लिहिलंस."

बाकं रिकामी. फळा भरलेला. वरपासून खालपर्यंत.

"पाय दुखतात रे फार..."

आणि मग तो हात मागं आला. पाठमोराच. मान वळली नाही. नुसता हात. बोटांत खडू.

घ्यायचा की नाही? नाही घेतला, तर सर तिथंच उभे. उद्या, परवा, पुढच्या मंगळवारी. आणि घेतला तर...

 

हात हळूहळू खाली झुकायला लागला. उभं राहून दमलेल्या माणसाचा झुकतो तसा.

त्यानं घेतला.

म्हणाला, खडू कोमट होता. बाकी खोलीभर गारठा, आणि खडू तेवढा कोमट. मान वर केली तर फळा कोरा, आणि खोलीत हा एकटा.

समिती खूश झाली. दर्जा मिळाला. वर्षाच्या आत तास्या कायम झाला. त्याच्या बायकोनं आम्हाला जेवायला बोलावलं, नवीन गादी दाखवली. पण दर मंगळवारी सातला हा गोदामात हजर. समोर कुणी नाही. ताप असो, पाऊस असो. ती माऊली माझ्यापाशी रडली, "भावोजी, आता तरी झोपायला सांगा हो यांना." मी सांगितलं. तर म्हणाला, "खडू घ्यायला कुणी आलं की निघेन."

विभागप्रमुखांकडेही गेला तो. म्हणाला, वर्ग बंद पडला होता असं खरं लिहा, ते वाक्य काढून टाका. ते हसले. "अहो, त्याच वाक्यावर तर दर्जा मिळालाय." पुढचे प्रमुख आले, त्यांनीही तोच परिचय पुढं ढकलला. वर्ष तेवढं बदलायचं, आणि सरांच्या जागी आता ह्याचं नाव.

गेल्या हिवाळ्यात गेला तो. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. घरी खुर्चीत बसल्या बसल्या. चष्म्याची एक काडी मोडलेली, दोऱ्यानं बांधलेली, तशीच कानावर. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, झोप रे बाबा. सुटलास.

म्हणून म्हणतो पोरी, तो परिचय आज ना उद्या तुझ्याकडे येईल. नवीन माणसाच्याच गळ्यात मारतात ते काम. तेवढं वाक्य काढ. प्रमुख रागावले तर रागावू देत.

"मामा, तो आलाय माझ्याकडे."

कधी?

"आजच. कागदपत्रं दाखवायला गेले होते ना दुपारी, तेव्हा. म्हणाले, जरा अद्ययावत करून द्या. मी वर्ष बदललं आणि दिला पाठवून. ते वाक्य... छान वाटलं मला."

आणि शिक्षकाचं नाव?

"माझंच. त्यांनीच सांगितलं, जागा भरलेली दिसायला हवी."

...बरं. घाबरू नकोस. मी येतो उद्या सकाळी तुझ्याबरोबर. दोघं बसून काढू ते वाक्य. काय झालं? अशी का बघतेस?

"मामा, तुमच्या मित्राच्या चष्म्याला दोरा होता म्हणालात... उजव्या बाजूला?"

हो.

"निघताना जिन्यात एक सर भेटले. फार दमलेले दिसत होते. 'आलीस का बाई,' म्हणाले आणि हात पुढे केला. मला वाटलं, इथली पद्धत असेल. वडीलधारं माणूस काही देतंय, नाही कसं म्हणायचं?"

...

घेतलास?

कुठं आहे?

मोठा दिवा लावा रे कुणीतरी. ठेव इथं टेबलावर. एवढासा खडूचा तुकडा, एका बाजूनं तिरका झिजलेला. तास्या खडू असाच तिरका धरायचा. आधी मनात आलं ते हेच, की सुटला बिचारा. एवढ्या वर्षांनी खरंच सुटला. आणि मग तुझ्याकडे पाहिलं गं पोरी.

दुपारपासून पर्समध्येच होता म्हणतेस ना? कुणी हात नाही लावला?

मग हा अजून कोमट कसा?