हिरवं कालव

तेजलच्या आईने कालव फोडलं आणि ती तशीच बसून राहिली. आतला गर पांढुरका असायला हवा होता. तो होता हिरवागार.

"ही कालवां आता कोण घेतलो?" आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. खाडीत दोर सोडून, त्यांवर कालवं वाढवून तिला दोन वर्षं झाली होती. आज ती सगळे दोर कापून टाकणार होती.

"वरच्या कारखान्यान आमची खाडी नासवल्यान!" बाबा होडीचा तळ खरवडता खरवडता गरजले. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. होड्या आता सौरऊर्जेवर चालायच्या, पण सणाआधी त्या काठावर ओढून, जुना रंग खरवडून नवा लाल रंग द्यायची रीत काही बदलली नव्हती.

तेजलने खेकडोबाला हाक मारली. खेकडोबा हा शाळेच्या सागर केंद्रातला यंत्रमानव. चालायचा तिरपा आणि बोलायचा मात्र सरळ. तो खाडीत उतरला, पार कारखान्यापर्यंत जाऊन आला.

"कालवांत तांबं साठलंय, म्हणून ती हिरवी झालीत," तो म्हणाला. "पण कारखान्याजवळच्या पाण्यात आणि गाळात तांबं फारसं नाही. इथल्या पाण्यातही अगदी थोडंच आहे."

"थोडंच? मग कालवांत इतकं कुठून आलं?"

"तू चहा गाळतेस. चहा खाली जातो, गाळणीत काय उरतं?"

"चोथा."

"कालव दिवसभर बादल्याच्या बादल्या पाणी गाळतं आणि त्यातलं अन्न खातं. पाण्यातलं तांबंही त्याच्या अंगात राहतं. आज कणभर, उद्या कणभर. याला म्हणतात जैवसंचय (सजीवाच्या शरीरात एखादा पदार्थ हळूहळू साठत जाणं). थोडं तांबं सगळ्यांनाच लागतं, पण जास्त झालं की ते विष. मग कालवांची पिल्लं जगत नाहीत, माशांचे कल्ले (श्वास घ्यायचे अवयव) बिघडतात."

"पण तांबं आलं कुठून?"

"सगळ्यात जास्त तांबं सापडलं ते या होड्यांखालच्या चिखलात."

तेजलने खाली पाहिलं. चिखलात रंगाचे लाल पापुद्रे पडले होते. भरती आली की ते कालवांच्या दोरांकडेच जात.

"बाबा, या रंगात काय असतं?"

"तांब्याची पूड. तळाक शिंपले चिकटले की होडी जड होता. ह्या रंगावर ते मरतत."

"म्हणजे चिकटणाऱ्यांना मारायचा रंग," तेजल हळूच म्हणाली. "आणि कालवसुद्धा चिकटणारंच ना, बाबा?"

बाबांचं खरवडणं थांबलं. ते आईकडे बघेनात.

"दोर कापू नका," खेकडोबा म्हणाला. "आत्ता ही कालवं खायची नाहीत आणि विकायचीही नाहीत. खाडीच्या तोंडाशी स्वच्छ पाण्यात हलवा. साठलेलं तांबं ती हळूहळू बाहेर टाकतील. वेळ लागेल."

बाबा घरी गेले आणि नवी कोरी ताडपत्री घेऊन आले. ती होडीखाली अंथरली. संध्याकाळी एक पापुद्रा वाऱ्याने उडून चिखलात पडला, तर ते गुडघ्याएवढ्या चिखलात उतरले आणि तो शोधून वर घेऊन आले. बाकीच्या होडीवाल्यांना हसू आलं. पण दुसऱ्या वर्षी काठावरच्या प्रत्येक होडीखाली ताडपत्री होती. गोळा झालेले पापुद्रे केंद्राची गाडी घेऊन गेली, त्यांतलं तांबं वेगळं काढायला. केंद्रात आता विष नसलेल्या गुळगुळीत रंगाचीही चाचणी चालू होती आणि त्यासाठी बाबांनी आपलीच होडी देऊ केली होती.

त्या नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात आईने खाडीच्या तोंडाशी हलवलेल्या कालवांतलं एक फोडलं. मधे अजून हिरवट झाक होती, पण कडा पांढुरक्या झाल्या होत्या. खेकडोबाने तपासून सांगितलं, "अजून थोडं थांबा."

आईने दोराचं दुसरं टोक बाबांच्या हातात दिला. "धरा," ती म्हणाली. "नवीन पिल्लां लावूची आसत."